रांगेतले केस

मुंबई, १२ जानेवारी २००२

ती. स्व. दादास,
उन्नतीचा सा. न. वि. वि.

मी इकडे खुशाल. हॉस्टेलचा फोन कधी रिकामा मिळत नाही, आणि मिळाला असता तरी तू नुसता हसत बसला असतास. मला डोकी हवीत. घाबरू नकोस, धडासकट.

माझ्या प्रबंधाचा विषय ठरला: निरोगी माणसाच्या टाळूवर एका चौरस सेंटिमीटरात केस किती. बायका केस गळतात म्हणून रडत येतात, आणि मुळात किती असायला हवेत हेच आम्हाला धड ठाऊक नाही. पुस्तकातले आकडे परदेशातले. गळती ओळखायची तर आधी नॉर्मल कळायला हवं ना? दवाखान्यात येतात ते सगळे आजारी. निरोगी डोकी आपल्या घरात आहेत, आणि तुझ्याकडे कापड तपासायचं भिंग आहे. वीस वर्षं इंचातले धागे मोजतोयस, आता केस मोज. तू, आक्का आणि वहिनी. आक्का ओरडली तर तिच्याच डॉक्टर लेकीचा हुकूम आहे म्हणून सांग.

ऋतिका नव्या आईशी, चंद्रावहिनीशी, बोलते का? वनितावहिनी गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून पोर मुकीच. माझा जीव तिच्यात अडकलाय.

बहिणीवर आहे तेवढी माया असू दे. वाढवलीस तर नाही म्हणणार नाही.

तुझी,
उन्नती

भिवंडी, २१ जानेवारी २००२

चि. उन्नतीस,
केसरीनाथचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

रविवारी सगळ्यांना अंगणात उन्हाला बसवलं. आक्का बोलली, पोरीला एवढं शिकवलं ते उवा बघायला काय? तरी बसली. आपल्या कापडाच्या हिशोबाने लिहितोय, इंचात उभे किती आणि आडवे किती. मी: तीस बाय अठ्ठावीस. आक्का: सव्वीस बाय चोवीस, आता विरळ झाली म्हातारी. चंद्रा: छत्तीस बाय तीस.

चंद्राचं बाकी बघण्यासारखं हाय. सरळ रांगेत, एक धागा इकडचा तिकडं न्हाय. आमच्या लूमवर एवढा नेक माल मी कधी बघितला न्हाय. हे नीट वाच.

ऋतिका बोलत न्हाय, पण दिवाळीपासून चंद्राला सोडतही न्हाय. दुपारी तिची वेणी मुठीत धरून झोपते आणि तिच्या डाव्या कानामागे बोटं घालून काहीतरी चाचपते. वनिताची तिथली पांढरी बट आठवते ना तुला? ऋतिका तिला चांदी बोलायची. एकदा गमतीत मी याच भिंगाने मोजली होती, एकाहत्तर केस.

आक्काला हे लक्षण बरं वाटत न्हाय. पोर मुकी ती मुकीच राहिली, नवी सून पायगुणाची न्हाय, होळीनंतर तिला पडघ्याला बापाकडे पोचव, असं ती धरून बसलीय. मला समजत न्हाय काय करू ते.

अभ्यासात जेवण विसरू नको. आमची आठवण ठेव.

दादा

मुंबई, २९ जानेवारी २००२

सौ. चंद्रावहिनीस,
उन्नतीचा सा. न. वि. वि.

हे पाकीट दादाने न फोडता तुम्हाला दिलं असेल, तेवढा तो भला आहे. त्याने केस कापडासारखे मोजले, उभे गुणिले आडवे! हसून हसून पोट दुखलं. मग पुन्हा वाचलं आणि हसू गेलं.

वहिनी, डोक्यावर केस रांगेत उगवत नाहीत. एका छिद्रातून एक, दुसऱ्यातून तीन, राबाच्या वाफ्यात फेकलेल्या भाताच्या बियाण्यासारखे कसेही. रांगा फक्त विणलेल्या मालाला असतात. तुम्ही केसांचा टोप घालता का? घालत असाल तर त्यात लाज कसली? माझा धंदाच तो आहे. मी घरात कुणाला सांगणार नाही. निमित्त काढून माझ्याकडे या, आपण इलाज करू.

नणंद समजू नका, बहीण समजा. उत्तराची वाट बघते.

तुमची,
उन्नती

भिवंडी, ६ फेब्रुवारी २००२

प्रिय उन्नतीताईंस,
चंद्राचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मोरीत बसून वाचलं. रडू आलं, मग बरं वाटलं. नववीत असताना डोक्यावर रुपयाएवढे चट्टे पडले आणि वर्षात सगळं गेलं. लग्नात बापाने शपथ घातली, तोंड उघडशील तर परत येशील. तेव्हापासून टोप.

पण ताई, दुसरीच गोष्ट सांगायची हाय. दिवाळीत जुना टोप फाटला. माझा भाऊ बाळाराम याने भिवंडीच्या बाजारातून नवा आणून दिला. तो घातला त्याच दिवशी ऋतिका आपणहून जवळ आली. आधी वास घेतला, मग कानामागे बोटं घातली. मी आरशात बघितलं तर तिथे पांढरी बट. आणला तेव्हा होती की नव्हती, देवाशपथ आठवत न्हाय.

आक्कांना सहज विचारलं. बोलल्या, वनिता शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा तिचे केस कापले आणि केसांवर भांडी देणाऱ्या बाईला दिले. त्यावर पातेलं आलं. त्याच पातेल्यात मी रोज भात करते, ताई, आणि डोक्यावर हे. आरशासमोर जायची भीती वाटते. काढावं तर पोर तुटेल, ठेवावं तर मी कोण उरले?

काल दुपारी ऋतिका बोलली. आई, अशी स्पष्ट हाक मारली. पण माझ्याकडे बघून न्हाय. वेणीकडे बघून.

मी येते. तुम्ही हात सोडू नका, एवढंच मागणं.

तुमची,
चंद्रा

मुंबई, १४ जुलै २००२

सौ. चंद्रावहिनीस,
सा. न. वि. वि.

पाच महिने निमित्तं काढून इकडे आलात, टाळूत सुया टोचून घेतल्यात आणि हूं की चूं केलं नाहीत. शाबास! लव आता सगळीकडे फुटतेय. एक आधीच सांगून ठेवते. या आजारातून परत येणारा केस बहुतेकदा पहिल्यांदा पांढरा येतो, रंग मागाहून भरतो. कुठे पांढरं दिसलं तर भिऊ नका.

टोपातल्या बटेचं म्हणाल, तर बाजारात शंभर बायकांचे केस एका पोत्यात येतात. ती कुणाचीही असेल. मी स्वतःलाही हेच सांगते.

ऋतिका बोलली म्हणून आक्काने पडघ्याचं दिवाळीवर ढकललंय; त्याआधी टोप उतरवा आणि दादाला खरं सांगा. तो भिंग घेऊन मोजेल आणि मला कळवेल. सेंटिमीटरात! माझी डोकी मोजून होत आली. आपल्या बायकांचं नॉर्मल एकशे वीस ते दीडशे निघतंय. तिथवर तुम्हाला न्यायचंय.

धीर सोडू नका. मी आहे.

तुमची,
उन्नती

भिवंडी, १ सप्टेंबर २००२

चि. उन्नतीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

चंद्राने सांगितलं. वेडे, मला ठाऊक होतं. वीस वर्षं कापड बघणाऱ्याला वीण समजत न्हाय होय? पण नवऱ्याने कसं विचारायचं? म्हणून तर तुला रांगा लिहिल्या. तू हुशार, समजलीस.

आक्काने टोप हातात घेतला, बटेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. मग ते पातेलं उचलून घेऊन गेली. कुठे टाकलं ते सांगत न्हाय. दुसऱ्या दिवशी अकलोलीला जाऊन टोप नदीत सोडून आली. येताना चंद्रासाठी हिरव्या बांगड्या आणल्या. पडघ्याचा विषय संपला.

ऋतिका रडून घर डोक्यावर घेईल म्हणून आम्ही धास्तावलो होतो. ती चंद्रासमोर उभी राहिली, तिच्या लवभरल्या डोक्याकडे बघत. मग डाव्या कानामागे बोटं घातली आणि हसली. या वेळी तिच्या तोंडाकडे बघून आई बोलली. चंद्रा पदरात तोंड घालून रडली, आणि खोटं कशाला सांगू, मीही रडलो. माझं घर राहिलं, बाय.

सवड काढून ये. आक्का वाट बघते.

दादा

ता. क. सेंटिमीटरात मोजलं. टाळूवर साठ, मागे पंचाहत्तर. रांग न्हाय, तू बोललीस तसे राबासारखे. सगळे काळे. पांढरे फक्त डाव्या कानामागे, एका पुंजक्यात. ते तीनदा मोजले. चौथ्यांदा आक्काने मोजू दिलं न्हाय. एकाहत्तर. हे नॉर्मल हाय का, तेवढं कळव.