पन्नास मिनिटांवर

५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. तुझ्या धावपट्टीवर फोन लागत नाही, म्हणून पत्र. बाबा बरे आहेत. मी नाही. गर्भाशयाचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं, आता डॉक्टर ऐकत नाहीत. वीस तारीख दिली आहे. बाबांना एकटं ठेवता येत नाही. गॅस पेटवतात आणि विसरतात. पंधरा दिवस तू सांभाळ. आजवर काही मागितलं नाही, तेव्हा सबबी नकोत. आणि बॅगेत धुवायचे कपडे भरून आणू नकोस.

तू येणार म्हटल्यावर बाबांनी पेपरचं पान उलटलं. तुझ्या विमानतळापासून आपला विमानतळ तीनशे दहा किलोमीटर, पन्नास मिनिटं, हे तू जाताना सांगितलेलं मात्र पाठ आहे. पस्तीस वर्षं बसची वेळापत्रकं केलेला माणूस.

थकले रे आता. लवकर ये.
ताई

२२ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि. वायरलेसवरून धाडलेला निरोप मिळाला असेल. रागावली असशील, रागाव.

पन्नास मिनिटं हे सरळ रेषेतलं गणित. तसं विमानच नाही. इथून आठवड्याला एक छोटं विमान, मग मोठ्या शहरात मुक्काम, मग तुमच्याकडचं. सगळं जमलं तर दोन दिवस. निघताना बाबांचा चेहरा बघवेना, म्हणून नुसता हवेतला वेळ सांगितला. आम्हा विमानतळवाल्यांची खोडच ती.

सतराला सकाळी बॅग घेऊन तयार होतो. धुकं होतं. विमान उतरायला दीड किलोमीटरपर्यंतचं दिसावं लागतं, आणि ते बघून कळवणं हीच माझी नोकरी. आठशे मीटरवरची पाण्याची टाकी दिसत होती, तिच्यामागचा दीड किलोमीटरवरचा मनोरा दिसेना. तीनदा बाहेर जाऊन पाहिलं. शेवटी आठशे मीटर लिहिलं आणि विमान अर्ध्या वाटेतून परत गेलं. पुढच्या तारखेला नक्की येतो म्हणायला तोंड नाही.

तरी माया पातळ करू नकोस.
धाकटा

१ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ. दोन दिवस तुझ्या नावानं खडे फोडले. दीड किलोमीटर लिहिलं असतंस तर कोण बघायला आलं होतं, असंही मनात आलं. मग लाज वाटली. त्या वैमानिकाचीही घरी कुणी वाट बघत असेल.

नवी तारीख पंचवीस. आता विमानाचं नाव काढू नकोस. बसस्टँडवर चौकशी केली; डोंगराला वळसा घालून रस्त्यानं चार दिवस. अठराला बूड हलव.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. पुन्हा वाचायला लावलं. मी रस्त्याचंही सांगितलं. मग चष्मा काढून म्हणाले, "पन्नास मिनिटांवरचा मुलगा दोन वर्षं येत नाही, म्हणजे त्याला यायचंच नाही, असं धरून चाललो होतो मी. चार दिवस लागतात होय?" त्या दिवशी पोटभर जेवले.

वाटेत जपून. आम्ही दोघं आहोतच तुझी वाट बघत.
ताई