बंद दवाखान्यातलं बाळ

अथेन्सच्या आरोग्य अधिकारी साहेबांस,

हे पत्र टपालात टाकणार नाहीये, म्हणून खरं सांगते. देशाच्या कर्जापायी खर्च कापताना तुम्ही आमच्या बेटावरचा दवाखाना बंद केलात, मला घरी बसवलंत. तेव्हा एक किल्ली मी लपवली होती!

आज वादळाने शहरातल्या इस्पितळाकडे जाणारी बोट अडली आणि गावातल्या गरोदर आर्गिरोला कळा सुरू झाल्या. मी कुलूप उघडलं.

तिची सासू म्हणाली, "अगं, तुझी नोकरी गेली ना?"

"नोकरी गेली, हात नाही गेले! पाणी तापव."

मुलगी झाली, साहेब! काय खणखणीत रडली!

तेवढ्यात दारात हवालदार. मी घाबरले. त्याने टोपी काढली. "मावशी, माझ्या बायकोचेही दिवस भरत आलेत. उद्या दवाखाना किती वाजता उघडणार?"

आठ वाजता, म्हटलं.

आपली काढून टाकलेली सुईण,
स्तमातिया