कानाखालचा आवाज

१२ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. मी मजेत आहे, तूही असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय, कारण तुमच्याकडचा पोस्टमन फार विसरभोळा. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर फोडू नकोस. तुझ्या डोळ्यांत पटकन पाणी येतं आणि खापर माझ्यावर फुटतं.

इकडे कामाला तोटा नाही. मालिकांमधली हाणामारी वाढलीय, त्यामुळे मागून आवाज देणाऱ्या आम्हा लोकांचे हात रिकामे नसतात. हाड मोडल्याचा आवाज हवा तर काकडी मोडायची, डोकं फुटल्याचा हवा तर कोबी फोडायचा. उरलेल्याची भाजी मीच करून खातो. लहानपणी तू मला खुडबुड्या म्हणायचीस, बघ, त्याच खुडबुडीवर पोट भरतंय. लोक रागात नुसतं म्हणतात, ‘कानाखाली आवाज काढीन’. मी अकरा वर्षं तेच करतोय. थपडेसाठी ओला चामडी पट्टा मांडीवर, त्यावर फळीचा ठोका. मस्त दणदणीत वाजते. सुरुवातीला पडद्यावरची मारहाण आली की मी डोळे मिटून घ्यायचो. आता समोर कुणाला तुडवत असले तरी मी बिस्किट खात बघतो. आवाज बरोबर बसला का, एवढंच.

निम्मा कागद संपला. आता मुद्द्यावर येतो.

गेल्या महिन्यात तुमच्याकडे आलो होतो. मी बाहेरच्या खोलीत बसलेला. ‘चहाचं काय झालं बघतो’ म्हणून भाऊजी आत गेले. आतून एक आवाज आला, बारीक, कोरडा. ताई, तो कशाचा ते मला कळलं होतं. पण माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? ‘आवाज पातळ आहे. स्टुडिओत हा पास नाही व्हायचा.’ तू चहा घेऊन आलीस, तेव्हा डावा गाल लाल होता. म्हणालीस, कुकरची वाफ लागली. मी मान डोलावली आणि दुसरं बिस्किट चहात बुडवलं.

परवा दिग्दर्शक म्हणाला, "पट्टाबिट्टा नको रे. साधी, घरातली थप्पड दे." मी माइकसमोर स्वतःच्याच गालावर मारली आणि लावून ऐकली. हुबेहूब तुझ्या स्वयंपाकघरातला आवाज. गाल चुरचुरत होता. एवढासा आवाज आणि इतकं लागतं? मी हेडफोन काढून ठेवला आणि रडलो. मला माझीच लाज वाटते, ताई.

पोस्टमनला उगाच नावं ठेवली. पत्र भाऊजींच्या हाती पडू नये, एवढंच होतं.

शनिवारी शाळा सुटताना फाटकापाशी उभा असेन. माझ्याकडची मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय. पट्टे, फळ्या सगळं स्टुडिओत नेऊन टाकलं. ‘चल’ म्हणालीस तर तिथूनच निघू. ‘नको’ म्हणालीस तर भांडणार नाही. तुझ्याबरोबर तुमच्या घरी येईन, चहा घेईन. पण या वेळी बाहेरच्या खोलीत बसणार नाही.

उशिरा कान उघडलेला,
तुझा खुडबुड्या