तक्त्यावर चिकटवलेला कागद

थळ, शनिवार, डिसेंबर १९३४

सुईणींच्या वर्गासाठी महिनाभर खपून गर्भवतीच्या शरीराचा तक्ता काढला होता. वर्ग चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, बेंबीखालचं झाका, नाहीतर वर्ग बंद." खळ मीच शिजवली, कागदही मीच चिकटवला. आणि म्हणे मी घरातली पहिली बी.ए.!

आज म्हातारी जानकी सुईण म्हणाली, "बाय, तुझ्या बाईला पोट हाय, पन वाट न्हाय. पोर काय तोंडातून येल?" सगळ्या खिदळल्या. तेवढ्यात तिने शेगडीतला विझलेला कोळसा उचलला आणि त्या कोऱ्या कागदावर जन्माची वाट काढली, खाली उतरणारं डोकंही. कधी पाटी न धरलेला हात, पण रेघ कुठे चुकली नाही. मग वर्ग खरा सुरू झाला. आडवं मूल, अडकलेला खांदा, एकेक जण बोलू लागली.

सोमवारी अध्यक्ष तक्ता पाहायला येणार. कोळसा पुसला तरी डाग राहतो. वर्ग बंद पडला तर हात धुवायला तरी यांना कोण शिकवणार? की ही माझी पळवाट?

बाबांनी विचारलं, "चित्र आवडलं ना सगळ्यांना?" हो म्हटलं.

दुसरा कागद कापून ठेवला आहे. खळ चुलीवर आहे.