स्नेहलची साक्ष

रविवार संध्याकाळ, सानपाडा

आज चर्चच्या युवासंघात स्नेहल साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगायला, उभी राहिली. मी तिला 'प्रश्नपत्रिका' म्हणून चिडवतो. म्हणाली, "प्रार्थना करते, पण कोणी ऐकतंय असं वाटतच नाही." आणि सवयीनं आम्ही सगळे एका सुरात, "आमेन!" म्हणजे ऐकलं कोणीच नाही. सर्वांत खणखणीत आवाज माझा. संस्कृतच्या मास्तराचे उच्चार, दुसरं काय! ती हसली आणि चहाआधीच निघून गेली.

ते आमेन अजून कानात घुमतंय. शेवटी तिला फोन केला.

"सर, खरं सांगा, तुम्हाला वाटतं कोणी ऐकतंय?"

मराठी आणि संस्कृत, दोन्ही भाषांतली वचनं जिभेवर आली. गिळली.

"रोज नाही गं."

पण तिनं फोन ठेवला नाही.