आईच्या खोलीतली टाकी

३ फेब्रुवारी
आली! विचारणं नाही, सांगणं नाही. चार माणसांनी उचलून थेट मागच्या खोलीत. आईसाठी रंगवून घेतलेल्या खोलीत भिंतभर काचेची टाकी! "अगं, समुद्र आणलाय घरात," नवरा म्हणाला. मी म्हटलं, आई कुठे झोपणार? समुद्रात? तर हसला. मी विनोद करत नव्हते.
शेवटी कबूल झाला – "एप्रिलअखेरपर्यंत नाही काही जगलं, तर टाकी विकतो. खोली तुझ्या आईची. शब्द!"

१० मार्च
इतके दिवस नुसते दगड आणि पाणी. आज दोन केशरी मासे आले, प्रवाळाचे तीन तुकडे आले. सुंदर आहेत. लिहायला राग येतो, पण आहेत.

१९ मार्च
वहिनीचा फोन. "आईंना कधी नेताय? की माशांना विचारून सांगणार?" मग आई – "मी इथे बरी आहे गं." बरी कसली! दादाकडे हॉलमधल्या सोफ्यावर झोपते. सगळ्यांचा टीव्ही बघून होईपर्यंत पेंगत बसून राहते.

२७ मार्च
टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी होतं, आणि हा रोज मीठ कालवलेल्या पाण्याने ती भरतो. सांगितलं – पाणी उडतं, मीठ खालीच राहतं, वरून साधं फिल्टरचंच पाणी घाल. त्याचे मित्र बसले होते. "समुद्रातल्या माशांना गोडं पाणी पाजू? बाईसाहेब, तुमचं बी.एस्सी. फ्रेम करून लावा!" सगळे खिदळले.
ठीक आहे. पुन्हा तोंड उघडणार नाही.

४ एप्रिल
हा ऑफिसला गेल्यावर खारेपणा मोजला. बराच चढलाय. प्रवाळं मुठीसारखी मिटलेली. एक मासा तळाशी धापा टाकतोय.
मला फक्त गप्प बसायचंय. खोली आपोआप मोकळी होईल. मी कुठे मारतेय? तोच मारतोय! मी सांगितलं होतं.
एकदा. पुरे होतं का एकदा? गप्प बसण्यात माझा फायदा नसता, तर गप्प बसले असते का?

५ एप्रिल
थोडं खारं पाणी उपसलं, तेवढंच फिल्टरचं घातलं. घाई करून चालत नाही. रोज थोडं थोडं करावं लागणार. मूर्ख आहे मी.

२१ एप्रिल
प्रवाळं फुलली आहेत. हा मित्रांना सांगतोय, "आपल्या हाताला गुण आहे!" समोरच्या भिंतीला आणखी मोठी टाकी आणणार आहे. "आणि आई?" – "शब्द काय होता? जगलं नाही तर! जगलंय की सगळं."
पाणी मी घालत होते, हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी हसला असता. आईची खोली मीच घालवली, स्वतःच्या हाताने.

२२ एप्रिल
आज पाणी बदललं नाही. तीनदा खोलीत जाऊन आले. मोठा मासा काचेशी येऊन तोंड उघडतो, मी खायला देईन या आशेने. हावरट! याच्याशी माझं काय वैर आहे? ज्याच्याशी आहे तो ऑफिसात बसलाय, डबा खातोय. त्याच्यावरचा राग मी यांच्यावर काढू?
संध्याकाळी पाणी घातलं. मग टाकी जिथून आली त्या दुकानदाराला फोन केला.

२४ एप्रिल
हा गेल्यावर दुकानदार माणसं घेऊन आला आणि टाकीसकट सगळं घेऊन गेला. "साहेबांना विचारलंय ना?" – "मी सांगतेय ना!" मासे जिवंत आहेत. मग आईला दादाकडून घेऊन आले. दुपारची झोपली आहे, मागच्या खोलीत. हा यायची वेळ झाली. दार मीच उघडणार.