रेवानं खार्किव्हवर व्याख्यान दिलं

अहो,

प्रिय बिय लिहायची आपल्यात कधी पद्धत नव्हती, ती आता कुठून आणू? एडिनबराहून दुपारच्या ट्रेननं लेस्टरला परत आले, कोट काढला आणि चहासुद्धा न टाकता लिहायला बसले. मंडळातल्या बायका फोनची वाट बघतायत, बघू देत. आधी तुम्हाला सांगायचंय. काल आपल्या रेवाचं व्याख्यान झालं.

तिच्या युनिव्हर्सिटीत दरवर्षी युक्रेनवर व्याख्यानमाला असते. तिथलं आजचं राजकारण, तिथला समाज, असा विषय. वर्षाला एकच वक्ता बोलावतात. आजवर बहुतेक मोठमोठे प्रोफेसर आले, आणि यंदा कोण? नागपूरच्या डॉक्टरांची लेस्टरमध्ये वाढलेली मुलगी. दारात तिचा हा एवढा फोटो लावला होता. मी त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढून घेतला, तर म्हणते कशी, "आई, प्लीज, लोक बघतात." बघेनात का.

तुम्हाला वाटेल, काय एवढं बोलली असेल? अहो, सोसायटीची मीटिंग. खरंच. खार्किव्हमधल्या बिल्डिंगांत लोक आपला कारभार कसा चालवतात, युद्धात लिफ्ट बंद पडली की वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना पाणी कोण नेऊन देतं, तळघराची किल्ली कोणाकडे राहते, त्यावरून भांडणं कशी होतात आणि मिटतात कशी. राजकारण नुसतं पार्लमेंटमध्ये नसतं, जिन्यातही असतं, असं म्हणाली. मला सगळं कळलं. नागपुरात धरमपेठेतल्या आपल्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून कशी जुंपायची, ते आठवून मी एकटीच हसत होते.

पण मनात धाकधूक होतीच. तुम्ही गेलात तेव्हा तुमचं आणि तिचं कुठं धड मिटलं होतं?

खार्किव्हला तुम्ही डॉक्टर झालात, पण जन्मभर म्हणायचं काय, तर "मी रशियात शिकलो." आपल्याकडे सगळे तसंच म्हणायचे, मी तरी वेगळं कुठं म्हणत होते? ही जेवताना टोकायची, "बाबा, रशिया नाही, युक्रेन." तुम्ही म्हणायचात, "आमच्या वेळी सगळं एकच होतं. तू मला शिकवू नकोस." आणि तिनं पीएचडीला तोच देश घेतला तेव्हा काय बोललात? "हे थेर करायला मी हॉस्पिटलात हाडं झिजवली का?" जिव्हारी लागलं हो तिच्या. सणावारी घरी यायची, पानावर बसायची, पण कामाबद्दल अवाक्षर काढायची नाही. एवढा ताठा बरा नव्हता तुमचा. तिचाही नव्हता, पण ती तुमच्यावर गेली, त्याला मी काय करू?

व्याख्यान संपलं, टाळ्या झाल्या, प्रश्न सुरू झाले. मागून एक बाई उठल्या. मूळच्या खार्किव्हच्या, युद्ध सुरू झाल्यावर इकडे आलेल्या, माझ्याच वयाच्या. शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही आमच्या घरांबद्दल इतकं बोललात. तुमचा आमच्याशी संबंध काय?"

रेवानं पाण्याचा घोट घेतला. म्हणाली, "माझे वडील तुमच्या शहरात डॉक्टर झाले. आयुष्यभर त्याला रशिया म्हणत राहिले. त्यांचं म्हणणं खोडून काढायला मी हा विषय घेतला." लोक हसले. मला मात्र वाटलं, चारचौघांत बापाचा उद्धार करते की काय ही?

त्या बाई हसल्या नाहीत. "मग त्यांना पटलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," रेवा म्हणाली. "ते गेले. आमचं ते बोलणं राहूनच गेलं." तासभर खणखणीत बोलणारी पोर समोरचे कागद चाळायला लागली.

मग मला राहवेना. उठले. माईक येतोय, थांबा, असं कोणी म्हणालं, पण मला कुठला धीर? आणि 'आमचे हे' म्हणून तिथं कोणाला काय कळणार? उखाण्याबाहेर कधी तुमचं नाव घेतलं नव्हतं, ते घेतलं. "माय हजबंड, डॉक्टर मधुकर," म्हटलं, आणि सांगून टाकलं. शेवटच्या आजारपणात वॉर्डातल्या नर्सनं विचारलं होतं ना, डॉक्टर, तुम्ही कुठं शिकलात? तुम्ही म्हणालात, "खार्किव्हला." ती म्हणाली, "म्हणजे रशियात?" तर तुम्ही म्हणालात, "नाही, युक्रेनमध्ये. मीही चुकीचं सांगायचो. माझ्या मुलीनं मला शिकवलं." आणि ती गेल्यावर मला दटावलंत, "रेवाला सांगू नकोस, डोक्यावर बसेल."

तेही सांगितलं मी, डोक्यावर बसेल म्हणालात ते. माझं इंग्लिश ते काय, पण सगळ्यांना समजलं. त्या खार्किव्हच्या बाईंनी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनीच. रेवा स्टेजवरून उतरून सरळ माझ्यापाशी आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "आई, पुन्हा सांग. मराठीत सांग."

मी मराठीत सांगितलं. तुमचे शब्द तुमच्याच भाषेत ऐकून ती लहानपणी रडायची तशी रडली.

का नाही हो तुम्हीच सांगितलंत? एक फोन पुरला असता. ती धावत आली असती. मलाही शब्दात अडकवून ठेवलंत, आणि तुमचा विषय काढला की ती उठून जायची. रागावला असाल माझ्यावर, तर रागवा. मला त्याचं काही वाटत नाही, कारण काल त्या सभागृहात मला तुमचा आणि तिचा, दोघांचाही अभिमान वाटत होता.

आता शब्द देते तो पाळणार आहे. यापुढे मंडळात, नागपुरात, कोणाच्या लग्नात, कुठंही कोणी म्हणालं की डॉक्टर रशियात शिकले, तर तिथल्या तिथं सांगीन की आमचे मधुकर युक्रेनमध्ये शिकले आणि तसं म्हणायला त्यांना त्यांच्या मुलीनं शिकवलं.

तुमची,
सुनंदा